पडतील म्हणून बसवून ठेवायचं?

गोव्यात थंडी असते हे गोव्याबाहेर कुणी मानत नाही. पणजीत जानेवारीतही पारा विशीच्या आसपास रेंगाळतो, तेव्हा पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांना हसू येणारच. पण आमचं घर फोंडा तालुक्यात, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेला. मागे डोंगर, पुढे पाटाचं पाणी, डोक्यावर फोफळींची दाट सावली. इथे पहाटे चार-पाचला चांगलंच गारठतं, आणि गारठ्याहून जास्त छळतं ते दंव. सकाळी आठपर्यंत अंगणातला चिरा, म्हणजे जांभ्या दगड, ओलाच असतो. बर्फावरून घसरणं ही आपल्याकडची गोष्ट नव्हे. आपल्याकडे म्हातारी माणसं पडतात ती पहाटेच्या अंधारात, पलंगाच्या कडेला, न्हाणीच्या उंबऱ्यात, नाहीतर तुळशीला पाणी घालताना.

माझ्या सासूबाई ऐंशीला टेकल्या आहेत. गेल्या थंडीत एकदा पलंगापाशी आणि एकदा न्हाणीत अशा पडल्या. हाड मोडलं नाही, मुका मार आणि कोपराला खरचटणं एवढ्यावर भागलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर ऐकायला मिळालं, "वय झालंय, आता असं व्हायचंच." या वाक्याचा घरात लगेच अर्थ निघाला तो असा, की आईंना आता हलू द्यायचं नाही. पर्वरीहून नणंदेचा रोज फोन. "वहिनी, आईला अंगणात उतरू देऊ नकोस. चहा खोलीत दे, न्हाणीत एकटी सोडू नकोस." मोठे दीर मुंबईहून तेच सांगत. सगळ्यांच्या जिवाला घोर, आणि सगळ्यांचा उपाय एकच, बसवून ठेवा.

हा उपाय मला पटत नव्हता. पावसाळाभर आई खोलीत बसूनच होत्या आणि गणपतीत आरतीला उभं राहायचं तर त्यांना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. चार महिन्यांपूर्वी हीच बाई घरभर एकटी फिरत होती. म्हणून दिवाळी झाल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आधी, फोंड्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्या वृद्धांचंच बघतात. फोनवरच त्यांनी सांगून ठेवलं, "घरात जेवढ्या गोळ्या, सिरपं, चूर्णं असतील ती सगळी पिशवीत भरून आणा. चष्मा आणा. आणि त्या घरात घालतात ती चप्पलही आणा."

चप्पल कशाला, हे तिथे गेल्यावर कळलं. डॉक्टरीणबाईंनी ती उलटी करून तळव्यावर बोट फिरवलं. टाचेकडचा भाग घासून गुळगुळीत झाला होता, नक्षी नावालाही उरली नव्हती. "ही आजच टाका," म्हणाल्या. "मागे पट्टा असलेली, पातळ आणि घट्ट तळव्याची घ्या. मऊ मऊ गादीसारखी नको, तिच्यात पायाला जमीन कळत नाही."

मग प्रश्न. पडलात तेव्हा काय करत होता? आधी डोळ्यांपुढे अंधारी आली, की पाय अडकला? पडल्यावर आपलं आपण उठता आलं का? रात्री लघवीला किती वेळा उठता? शेवटी, पडायची भीती वाटते का? आईंनी माझ्याकडे बोट केलं. "भीती ह्या लोकांना वाटते. मला नाही."

त्यानंतर जे झालं ते आमच्यासाठी सगळ्यात मोलाचं. आईंना टेबलावर पाच मिनिटं आडवं पडून राहायला सांगितलं आणि रक्तदाब घेतला. १४६/८४. उभं केलं, एका मिनिटाने परत घेतला. १२०/७४. तीन मिनिटांनी १२४/७६. इतकी वर्षं आम्ही आईंचा रक्तदाब तपासत आलो, पण नेहमी खुर्चीत बसवून. हा उतार कधी दिसलाच नव्हता. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो धोक्याचा मानतात. आईंचा वरचा तर २६ ने उतरला होता.

कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तरण्या शरीरात शिरा लगेच आवळतात आणि हृदय जरा जोरात चालतं, म्हणून काही जाणवत नाही. उतारवयात हे सगळं व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मेंदूला रक्त कमी पडतं. थंडीत त्यात भर पडते. पांघरुणाच्या उबेत कातडीजवळच्या शिरा सैलावलेल्या असतात. दिवसभर तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं. गारठ्याने लघवीला मात्र जास्त होते, म्हणून रात्री दोन-तीनदा उठणं आलं, आणि तेही घाईघाईने, कारण कळ थांबवता येत नाही. माणूस पलंगावरून ताडकन उठतो, अंधारात दोन पावलं टाकतो, आणि ज्या क्षणी डोक्याला रक्त कमी पडतं त्याच क्षणी उंबरठा आलेला असतो. पलंगापाशी पडणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

यावरची सवय सोपी आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागला. जाग आली की आधी पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवायची. मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं, थांबायचं, उशाशी ठेवलेलं पाणी दोन घोट प्यायचं. पोटऱ्या आवळून सोडायच्या. मग कशाला तरी धरून उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावरही लगेच चालायला लागायचं नाही. "मनात रामरक्षेचे दोन श्लोक म्हणून होईपर्यंत उभी राहते," हे आईंनीच ठरवलं. घड्याळापेक्षा ते बरं चाललं.

पिशवीतल्या औषधांची झाडाझडती त्याच दिवशी झाली. पाणी काढणारी गोळी आई संध्याकाळी घेत होत्या, म्हणून रात्रभर उठबस. ती सकाळी हलवली. झोपेची गोळी कित्येक वर्षांपासून चालू होती. ती हळूहळू कमी करायचं ठरलं, आणि एकदम बंद करायची नाही हे बाईंनी मला बजावून सांगितलं, कारण तसं केलं तर झोप पार उडते, जीव घाबरा होतो आणि माणूस वेगळ्याच फेऱ्यात सापडतो. रक्तदाबाच्या गोळीचा डोस बदलला. पण त्यांचं डोकं खरं तडकलं ते एका लहान बाटलीवर. थंडी सुरू झाली की आमच्याकडे फार्मसीतून सर्दीचं सिरप येतं, तसं सगळ्यांच्याच घरी येतं. त्यात क्लोरफेनिरामीन होतं. या जातीच्या औषधाने म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, लघवी अडकते, कधी कधी रात्री भ्रमही होतो. "नाक वाहतं म्हणून हे देता आणि मग पडलेलं माणूस माझ्याकडे आणता," म्हणाल्या. वाफ, गुळण्या, कोमट पाणी. त्याहून जास्त काही लागलं तर विचारून. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी ही थंडीतली बाटली एकदा उलटून मागचं लेबल वाचावं.

शेजाऱ्यांकडून ऐकून आणलेली ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटंही पिशवीत होती. आईंचं ड जीवनसत्त्व कमीच निघालं, पण बाईंनी रोजचा बेताचा डोस दिला. जास्त घेतलं की जास्त फायदा, असा हिशोब इथे चालत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदाच ५,००,००० युनिटचा डोस देऊन पाहिला होता. २०१० साली निष्कर्ष छापून आले ते उलटे. डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली.

चालण्याची परीक्षा तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने घेतली. हात असलेल्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर चिकटपट्टी लावलेली, तिथपर्यंत नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. आईंना १७ लागले. त्यातला निम्मा वेळ खुर्चीतून उठण्यात आणि वळण्यात गेला. वळताना त्या पाय उचलत नव्हत्या, जमिनीवर घासत होत्या. दुसरी परीक्षा उभं राहण्याची, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावून. दहा सेकंद धरायचं होतं. आई निम्म्यावरच भिंतीकडे झुकल्या आणि त्या मुलीने हळूच हात पुढे केला.

"आता आईंना बसवून ठेवायचं का?" मी स्पष्टच विचारलं. नणंदेला फोनवर उत्तर द्यायचं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसवून ठेवलंत तर माघातल्या जत्रेपर्यंत खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतील." मांड्यांची ताकद वापरली नाही की झपाट्याने जाते, आणि तोल हीसुद्धा सरावाने टिकणारी गोष्ट आहे. जगभरच्या शंभरावर चाचण्या एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१९मध्ये मांडलं, की व्यायाम करणाऱ्या साठीपुढच्या माणसांत पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात आणि त्यात सर्वाधिक साठीपुढची. हे दोन्ही आकडे मी कागदावर लिहून नणंदेला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आकडे राहू देत, तुझ्या घरात आई पडली तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि नाही. पण पडू नये म्हणून माणसाला लुळं करायचं, हेही मला मान्य नव्हतं.

घराकडे वळलो ते तुळशीच्या लग्नाच्या तयारीच्या निमित्ताने. वृंदावन रंगवायचं असतंच, त्यासोबत अंगणातलं शेवाळ काढलं. गोव्यात पाऊस साधारण ३००० मिलिमीटरच्या घरात पडतो, त्यामुळे चिऱ्यावर शेवाळाचा थर बसतोच. आश्विनात ते वाळून काळं पडतं आणि गेलं असं वाटतं. जात नाही. दंव पडलं की तेच परत ओलं होतं आणि पाय ठरू देत नाही. ब्लीचिंग पावडर टाकून, कडक ब्रशने घासून, दोन उन्हं दाखवली. पडवीपासून वृंदावनापर्यंत एकच वाट खरखरीत फरशीची करून घेतली. बाकी अंगण जसं होतं तसं ठेवलं.

न्हाणीचं प्रकरण मात्र लांबलं. आमची जुनी न्हाणी मागच्या दारी, एक पायरी खाली, तांबड्या सिमेंटची, वर्षानुवर्षं घासून आरशासारखी झालेली. आधी एका दुकानातून रबरी चकत्यांनी भिंतीला चिकटणारा हात आणला होता. विकणाऱ्याने ओढून दाखवला होता, पक्का वाटला. घरी न्हाणीच्या भिंतीवर लावला आणि वाफ धरल्यावर तो आपोआप गळून बादलीत पडला. माणसाचा भार पेलायचा तर हात भिंतीतच पक्का हवा, हे तिथेच ठरलं. गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर हातोडी टकटकवली आणि मान हलवली, "बाय, हो चिरो मोव. हांगा खिळो रावचो ना." चिरा मऊ, ड्रिल मारून प्लॅस्टिकची खुंटी बसवली तर आज घट्ट, सहा महिन्यांनी ढिली. टॉवेल अडकवायला चालेल, माणसाला नाही. मग त्याने भिंतीला आरपार भोक पाडलं, लांब बोल्ट घातले आणि बाहेरच्या बाजूने लोखंडी पट्टी लावून नट आवळले. बाहेरून भिंत कुरूप दिसते खरी. मी स्वतः त्या हाताला लोंबकळून पाहिलं आणि मगच गवंड्याचे पैसे दिले.

उंचीचं म्हणाल तर, ३३ ते ३६ इंच असा ठोकताळा सांगतात. आई बुटक्या. त्यांना तिथे उभं करून, डोळे मिटून हात आपोआप जिथे जातो तिथे खडूने खूण केली. एक हात दाराशी उभा, पायरी उतरताना धरायला. एक आडवा, स्टुलाशेजारी. संडासात कमोडच्या बाजूला एक. जमिनीला खरखरीत फरश्या. बसून अंघोळ करायला रबराचे पाय असलेलं स्टूल. भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातलं, ऊन पाणी चुलीवरचंच हवं हा आईंचा हट्ट आम्ही मोडला नाही, पण तांब्याने ओणवं होऊन काढायचं नाही, आधीच बादलीत काढून स्टुलाच्या उंचीवर ठेवायचं, एवढं ठरलं. फार कढत पाणी नको, कारण तेही रक्तदाब खाली आणतं.

अंघोळीच्या वेळेवरून घरात सगळ्यात मोठा तंटाबखेडा झाला. आईंची अंघोळ पहाटे पाचला, त्याशिवाय देवांना हात नाही. मला ती सूर्य वर आल्यावर, पोटात काहीतरी गेल्यावर हवी होती. शेवटी मार्ग माझ्या मुलाने काढला. पहाटेचा दिवा तो लावतो, आठनंतर आई अंघोळ करून साग्रसंगीत पूजा करतात. पहिले काही दिवस त्यांनी त्याच्या दिव्याच्या वातीत खोट काढली. नंतर ती तक्रारही थांबली.

आणि खोबरेल. थंडीत टाचा फुटतात, म्हणून आई रात्री तळपायांना खोबरेल चोळून तशाच टाइल्सवरून चालायच्या. हे आम्ही सगळे इतकी वर्षं बघत होतो. आता तेल पलंगावर पाय वर घेतल्यावर लावायचं आणि उठताना पुसून चप्पल घालायची. साधे लोकरी मोजेही टाइल्सवर तसेच घसरतात. तळाला रबराचे ठिपके असलेले आणले, पण ते आईंना रुचले नाहीत, "पायाला खाज येते." असो, चप्पल घालतात हे पुष्कळ.

बाकीची कामं भराभर झाली. पलंगाशेजारी हाताला येईल असं बटण, वाटेत आपोआप लागणारे दोन छोटे दिवे, उशाखाली टॉर्च. सैल पायपुसणी काढून टाकली. उंबरठे तोडायला घरात कुणीच तयार नव्हतं, त्यांची पूजा होते. म्हणून आत-बाहेर अर्ध्या उंचीची लाकडी फळी ठोकून कडेला पिवळा पट्टा मारला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकलेला निघाला, तो मार्गशीर्षात काढला. पायऱ्या उतरताना दोन भिंगांच्या चष्म्याच्या खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून चालण्यासाठी नुसत्या लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा केला. मांजराचं काय करायचं ते मात्र कुणालाच सुचलं नाही. ते अजूनही आईंच्या पायांत घोटाळतं. गळ्यात घुंगरू बांधलंय, निदान ऐकू तरी येतं.

काठीला आईंचा विरोध होता. "काठी धरली की लोक वाट द्यायला लागतात," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. घरात सासऱ्यांची जुनी वेताची काठी होती, त्यांच्या उंचीची. ती आईंना खांद्यापर्यंत उचलून धरावी लागायची. चप्पल घालून सरळ उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत मुठीची उंची हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं. तेवढी कापली, खाली रबराचं नवं बूच बसवलं. बूच झिजलं की ओल्या चिऱ्यावर काठीच आधी घसरते, तेव्हा ते बघत राहायचं. आईंचा डावा गुडघा दुखतो म्हणून काठी उजव्या हातात. हे पुष्कळांना उलटं वाटतं, आईंनाही वाटलं, पण दोन दिवसांत फरक त्यांच्याच लक्षात आला. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. नवऱ्याची काठी म्हटल्यावर ती हातात घेण्यातली लाज गेली, असं मला वाटतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला हे जमेना, म्हणून खुर्चीवर उशी घालून उंची वाढवली आणि पौषात उशी काढली. एका रेषेत टाचेला बोटं लावत चालणं, भिंतीपासून एक हात अंतरावर, मी शेजारी. वळताना पाय उचलून छोटी छोटी पावलं. दिसायला पोरखेळ, पण पहिल्या आठवड्यात आईंच्या मांड्या दुखून आल्या होत्या, म्हणजे कुठेतरी काम होत होतं.

त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने आणखी एक गोष्ट शिकवली, पडल्यावर उठायचं कसं. जमिनीवर गादी घालून सराव केला. लगेच उठायची धडपड करायची नाही. कुठे दुखतंय ते बघायचं, कुशीवर वळायचं, हाता-गुडघ्यांवर यायचं, रांगत पलंग किंवा भक्कम खुर्ची गाठायची, तिच्यावर हात टेकून एक पाऊल पुढे रोवायचं आणि मग उठायचं. दुसऱ्याने काखेत हात घालून ओढायचं नाही. पाय आखूड दिसला, बाहेरच्या बाजूला वळलेला असला, टेकवता येत नसला तर हलवायचंच नाही, १०८ला फोन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी इस्पितळ. गादीवर रांगताना आईंना एवढं हसू आलं, की मांजर पळून गेलं.

पौषात आमच्या वाड्यावरच्या मांडावर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक अंगणात, धालो सुरू झाले. धालो म्हणजे बायकांनी रात्री रांगा करून गात नाचायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून आईंनी धालो चुकवले ते गेल्याच वर्षी. नणंद त्या वेळी मुद्दाम घरी राहायला आली होती, मला वाटतं पहाऱ्यालाच. तिने साफ सांगितलं, रात्रीचं, गारठ्यात, मांडावर, अजिबात नाही. मी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला फोन करून विचारलं. ती गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, तिला धालो काय ते सांगावं लागलं नाही. म्हणाली, "समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेत हात, चार पावलं पुढे, चार मागे. मी ओट्याला धरून जे करायला लावते त्याहून हे चांगलं. रांगेच्या मधे उभं करा, टोकाला नको. जमीन आधी बघून घ्या."

जमीन बघितली. मांड शेणाने सारवलेला, कोरडा, सपाट. आईंच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारची वयनी. स्वेटर, कानाला रुमाल, साडीचा घोळ वर खोचलेला. त्या गाणी म्हणत होत्या आणि आम्हा दोघींना मागे-पुढे ओढत होत्या. गाणी त्यांना सगळी पाठ, माझं पाऊल चुकायचं. दोन गाण्यांनंतर त्यांना बसवलं, थोड्या वेळाने त्या आपण होऊन परत रांगेत शिरल्या. नणंद मांडाच्या कडेला शाल गुंडाळून उभी होती. घरी परतताना म्हणाली, "उद्या पाय दुखले तर मला सांगू नका." दुसऱ्या रात्री ती रांगेत होती.

उत्सवाच्या नाटकाचं मात्र वेगळं. आपल्याकडे देवळातलं मराठी नाटक उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तासन्‌तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत आखडून बसलेली म्हातारी माणसं पडदा पडला की एकदम उठतात, भोवती अंधार, पायांत वायरी, खुर्च्यांची गर्दी. तिथे मी नियम केला. दर अंकाला उठून चार पावलं चालायचं, शेवटी सगळे गेल्यावर निघायचं. एका उत्सवात आईंनी नियम पाळला, दुसऱ्यात नायिकेचं भाषण चालू होतं म्हणून नाही पाळला. माघात मंगेशीच्या जत्रेला मात्र गर्दीच्या रात्री न जाता दुपारी गेलो. देवळात चप्पल काढावी लागते, काठीही बाहेर राहते, आणि धुतलेल्या दगडी पायऱ्या अनवाणी पायांना फसवतात. सभामंडपापर्यंत मुलाच्या दंडाला धरून गेल्या. तो मोबाईल बघत होता म्हणून त्याला दंडातच चिमटा बसला.

माघ संपताना परत तपासणीला गेलो. उभं राहिल्यावर रक्तदाब आता १० ने उतरत होता. झोपेची गोळी पाव राहिली होती. टाचेला बोटं लावून आई नऊ सेकंद उभ्या राहिल्या. खुर्चीतून उठून चालून परत बसायला १३ सेकंद. बारापेक्षा अजून जास्तच. आईंनी विचारलं, "म्हणजे नापास?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्यायाम थांबवला तर दोन-तीन महिन्यांत मिळवलेलं सगळं जाईल, आणि पावसात तुम्ही अंगणात उतरणार नाही, तेव्हा आतापासून पावसाळ्यात घरात काय करायचं ते ठरवा. पडवीची लांबी आम्ही मोजून ठेवली आहे. तिथला दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचा संसार हलवला, की भिंतीला धरून चालायला पुरेशी वाट होते.